शाळा अंगणात आली तेव्हा

कुणी चुलीपुढं बसून, कुणी तांदूळ निवडताना, कुणी पोराला पायावर घेऊन हा कार्यक्रम ऐकत असेल.

आम्ही नाशिक जिल्ह्यात पेठ आणि त्र्यंबकेश्वर या बाजूच्या बचत गटांचं समन्वयाचं काम करतो. एरवी आम्ही इथं येतो ते बचत, कर्जफेड, इतिवृत्ताची वही आणि बँकेची कामं यांबद्दल बोलायला. आज शाळेबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात कर्जापासूनच करावी लागेल, कारण आमच्यापुढं हा विषय कर्जाच्या अर्जातून आला.

एका पाड्यावरच्या गटाची मासिक बैठक होती. दिवस उन्हाळ्याचे, शाळा सुटायला आलेल्या. त्या दिवशी तीन जणींनी एकदम अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर तिघींचं एकच. पोरांना पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढायचं आणि मोठ्या गावातल्या इंग्लिश मीडियमला घालायचं. फी भरायची, व्हॅनचे पैसे भरायचे.

आम्ही विचारलं, "इथल्या शाळेत काय कमी आहे?"

त्यातली एक म्हणाली, "ताई, शाळेत मातीची बैलं करत्यात आन् गाणी म्हणत्यात. बैलं तर तो घरीबी करतो. त्याच्यासाठी शाळेत कशाला धाडू?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी बोलल्या, "तीन पोरं गेली की शाळेचा पट आणखी खाली येईल. मग शाळाच बंद पडली तर माझ्या नातीनं कुठं जायचं? तिच्या बापाकडं व्हॅनचं पैसं नाहीत. आन् गटात तुम्ही ज्या पैशातून कर्ज देणार, त्यात माझीबी बचत आहे."

मग कुणी हसलं नाही. आजींचं म्हणणं खोटं नव्हतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, ही चर्चा आपल्या राज्यात गेली कितीतरी वर्षं चालू आहे, आणि डोंगरातल्या पाड्यांवर अशाच शाळा जास्त. कर्ज मागणाऱ्या तिघींचंही खोटं नव्हतं. आपलं पोर मागं पडू नये असं कुठल्या आईला वाटत नाही? त्या दिवशी ठराव लिहिला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत विषय ठेवला. खरं सांगायचं तर आमच्याकडंच उत्तर नव्हतं. शाळेत गाणी, चित्रं, मातीकाम कशासाठी असतं, हे आम्हाला तरी कुणी कधी सांगितलं होतं?

म्हणून आम्ही वाचायला बसलो. तेव्हा कळलं की हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या पलीकडं दोन बायांनी सोडवून पाहिला होता. त्यांची आणि त्यांच्या शाळेची गोष्ट आज सांगतो.

आपल्या त्र्यंबक-हरसूलकडून घाट उतरलं की मोखाडा, जव्हार लागतं. तिथून आणखी खाली समुद्राकडं गेलं की डहाणू. डहाणूजवळ किनाऱ्यावर बोर्डी नावाचं गाव आहे आणि जवळच कोसबाडची टेकडी. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. वस्ती बरीचशी वारली आदिवासींची. आपल्या पेठ-सुरगाण्यात जसे पाडे आहेत, तसेच तिथले.

या शाळेची सुरुवात केली ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. बायकांनी शिकणं हीच नवलाई होती त्या काळात त्या शिकल्या. पुढं गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करू लागल्या. गिजुभाईंना तिकडं लोक 'मूछाळी मा' म्हणायचे, म्हणजे मिशीवाली आई. मुलांना मारायचं नाही, धाक घालायचा नाही, हातानं काम करू द्यायचं, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, नाटकं करायची, अशी त्यांची रीत. इटलीच्या मारिया मॉन्टेसोरी नावाच्या डॉक्टरबाईंनी लहान मुलांना शिकवायची जी पद्धत शोधून काढली, तिचा आधार या दोघांनी घेतला होता. १९२६ साली या कामासाठी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

दादरचं काम चांगलं चाललं होतं. पण ताराबाईंच्या मनात एक गोष्ट टोचत होती. ही पद्धत शहरातल्या, थोड्या बऱ्या घरातल्या मुलांपर्यंतच पोचत होती. मॉन्टेसोरीबाईंचं साहित्य म्हणजे घासूनपुसून नेमक्या मापाचे लाकडी ठोकळे, दट्ट्या, मणी. ते महाग. खेड्यातल्या शाळेला ते कुठून परवडणार? मग १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला आल्या आणि तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. मैत्रिणींनो, अनुताईंचं नाव आपल्या जिल्ह्यानं विशेष लक्षात ठेवायला हवं. १९१० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य माजघरात संपायचं. अनुताई शिकल्या, पुण्याला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि नोकरीची पहिली वर्षं आपल्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला शिकवत होत्या. नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत होत्या. मॅट्रिक झाल्या त्या रात्रशाळेत जाऊन. पदवी घेतली ती वयाच्या पन्नाशीनंतर. आम्ही स्वतः लग्नानंतर, पोरं सांभाळून मुक्त विद्यापीठातून बीए झालो, तेव्हा "आता काय उपयोग" असं चार जणांनी ऐकवलं होतं. अनुताईंचं वाचलं आणि वाटलं, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

तर बोर्डीत बालवाडी उघडली. आणि झालं काय, ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईचनात. आदिवासी पाड्यांवरची आणि दलित वस्तीतली मुलं शाळेच्या दारापर्यंत फिरकत नव्हती. अंगावर धड कपडा नाही, पोट भरलेलं नाही, शाळेची भाषा परकी आणि शाळा म्हणजे मार हीच समजूत. आईबापांना तर मजुरीच्या मागं धावायचं.

अशा वेळी आपण काय म्हणतो? 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' या दोघींनी तसं म्हटलं नाही. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडं न्यायची, असं त्यांनी ठरवलं. त्या वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवली. आधी अंगण झाडायचं, मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणं, मग गोष्ट, मग खेळ. अंगणात भरायची म्हणून ती अंगणवाडी. आज आपल्या प्रत्येक पाड्यावर ज्या नावाची पाटी आहे, तो शब्द बोर्डीच्या त्या अंगणातून आला आहे.

महागड्या ठोकळ्यांचं काय केलं? तेही तिथंच सापडलं. समुद्राकाठी शिंपले होते. रानात बिया होत्या, गुंजा होत्या. पानं, फुलं, काड्या, बांबू, खडे होते. माती तर सगळीकडं. मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीतलं तत्त्व ठेवलं आणि सामान आपल्या मातीतलं घेतलं. मोजायला बिया, ओवायला मणी आणि फुलं, रंगाला पानं आणि गेरू, आकार करायला चिखल. यात विकत आणायचं फार थोडं होतं.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारल्यांच्या पाड्यांमध्ये राहूनच काम करायचं होतं. आणि तिथं नवी अडचण समोर आली, जी आपल्याला काही नवी नाही. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ असतो. आई मजुरीला गेली, मग त्याला कोण बघणार? आपल्याकडं द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडं कामाला उतरतात, तेव्हा आपल्या किती मुली असंच भावंडं सांभाळत बसलेल्या असतात, ते तुम्ही जाणताच.

ताराबाई-अनुताईंनी यावर काढलेली तोड म्हणजे विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईनं भावाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि आपण पहिलीत जाऊन बसायचं. धाकटा रडला तर तिला जाऊन बघता यायचं. पोरीची शाळा कडेवरच्या भावामुळं सुटत होती, तर भावालाही शाळेत जागा करून दिली.

आणि जी मुलं गुरं चारायला रानात जायची, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं जिथं चरतात तिथंच गुरुजींनी जायचं. झाडाखाली बसायचं, एक डोळा गुरांवर आणि एक पाटीवर. झाड, पाखरू, ओढा हेच पुस्तक.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण गाण्या-चित्रांनी शिकणं कसं होतं? त्या आईचा प्रश्न तोच होता ना, "बैलं तर तो घरीबी करतो." म्हणून हे नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट बोटांची. लहान मुलाच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद आधीपासून नसते. माती मळताना, बैलाची शिंगं वळताना, मणी ओवताना, बोटानं रांगोळीची रेघ ओढताना ती ताकद येते. ज्या मुलाच्या हातात आपण थेट पेन्सिल देतो आणि 'काढ ग' म्हणतो, त्याचा हात दुखतो. मग तो रडतो आणि आपण म्हणतो, याला येत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. घरी मूल वारली, कोकणी किंवा आपल्याकडच्या दुसऱ्या बोलीत बोलतं आणि पुस्तकातली मराठी त्याला वेगळी लागते. गाण्यात मात्र शब्द तालाबरोबर तोंडात बसतात. दहा मुलांबरोबर गाताना एकट्याला चुकायची लाज वाटत नाही. बोलीतलं गाणं आधी, मग पुस्तकातलं. असं एक-एक पायरीनं मूल शाळेच्या भाषेत उतरतं.

तिसरी गोष्ट हिशेबाची. रांगोळीचे ठिपके पाचास पाच मांडले की पंचवीस होतात, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. नाचाच्या फेरात दोन पावलं पुढं, एक मागं, हेही मोजणंच आहे. आपल्या गटातल्या कितीतरी आजी सही करू शकत नाहीत, पण टोपली विणताना पट्ट्यांची संख्या चुकत नाहीत. ते गणित त्यांच्या हातात आहे.

आणि चौथी, आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट भीतीची. ज्या मुलाच्या घरात आजवर कुणी शाळा पाहिली नाही, ते मूल शाळेत दाराशी बसतं आणि संधी मिळाली की पळतं. त्याला जे येतं तेच करायला शाळेनं सांगितलं, तर ते आत येऊन बसतं. "बैल करता येतो का?" "येतो." या 'येतो'पासून त्याची शाळा सुरू होते. म्हणून कोसबाडला गाणं, नाच, चित्र, मातीकाम हे अभ्यास संपल्यावरचा विरंगुळा नव्हतं. मूल शाळेत यायचं तेच त्या दारातून.

मैत्रिणींनो, इथं आणखी एक गोष्ट आपण बायांनी अभिमानानं ऐकावी अशी आहे. वारली चित्रं आज जगभर गेली आहेत. साडीवर, पिशवीवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवरसुद्धा दिसतात. पण मुळात ती काढत कोण होतं? लग्नघरात भिंतीवर चौक लिहायचा मान सवाष्णींचा. शेण-गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, हातात बांबूची काडी, मधोमध पालघाट देवी. वारली लोक चित्र 'काढतात' असं म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. म्हणजे ज्या बायांना आपण निरक्षर म्हणत आलो, त्या पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर लिहीत होत्या. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकापासून ही कला कागदावर, कापडावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मान मोठाच आहे. पण ती कला त्याआधी आयांच्या हातांनी जिवंत ठेवली होती.

आपल्याकडंही काय कमी आहे? बोहाड्याची सोंगं आहेत, पावरीचा सूर आहे, डोंगऱ्या देवाचा उत्सव आहे, भाताच्या लावणीची गाणी आहेत. हे सगळं आपण 'अडाण्यांचं' म्हणून बाजूला ठेवतो आणि पोरांना पैसे भरून कुठं 'डान्स क्लास' मिळतो का ते विचारतो.

कुणाला वाटेल की हे फक्त आदिवासी पाड्यांपुरतं किंवा अगदी लहान मुलांपुरतं होतं. तसं नाही. कोसबाडच्याही आधी, १९३७ साली, वर्ध्याला देशभरातले शिक्षणाचे जाणकार गांधीजींच्या पुढाकारानं जमले होते. सगळ्या मुलांना सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आपल्या भाषेत आणि हाताच्या उद्योगातून द्यावं, असं तिथं ठरलं. त्यालाच नई तालीम म्हणतात. वर्ध्याजवळ सेवाग्रामला तशी शाळा चालायची. तिथं १९४४ पासून देवी प्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात शिकून आलेले. सूत कातणाऱ्या, शेतात राबणाऱ्या मुलांच्या हातात त्यांनी रंग आणि माती दिली. पुढं त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'शिक्षा का वाहन : कला'. वाहन म्हणजे गाडी. आमच्या बैठकीत हे नाव सांगितलं तेव्हा एक ताई पटकन म्हणाली, "म्हणजे व्हॅनच की!" तर अशी ही व्हॅन, जिला भाडं पडत नाही.

आता पुढं काय झालं ते सांगतो. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढं चालवलं. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नजर अधू होत गेली तरी काम सुटलं नाही. १९९२ साली त्याही गेल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. गटात एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं केलं तरी चालेल.

नाव देशभर गेलं, पण त्या नावामागचं सगळंच त्याच्याबरोबर गेलं असं म्हणता येत नाही. आज अंगणवाडी ताईच्या मागं पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, आणि मोबाईलमध्ये भरायची माहिती. हे सगळं लागतंच, त्यानं पोरांचे जीव वाचतात. पण या सगळ्यात गाण्याला, गोष्टीला, मातीला वेळ उरतो किती? प्राथमिक शाळेतही तेच. वेळापत्रकात 'कला'चा तास असतो आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. यात एकट्या ताईला किंवा गुरुजींना दोष देऊन भागणार नाही. हा तास परत मागणारं कुणी नाही, म्हणून तो जातो.

आता आपल्या त्या बैठकीकडं येऊ. पुढच्या महिन्यात ही सगळी गोष्ट आम्ही गटाला सांगितली. मग ठरलं की नुसतं बोलायचं नाही, शाळेत जाऊन बघायचं. शनिवारी सकाळची शाळा असते. गुरुजींना आधी विचारून नऊ-दहा जणी गेलो आणि मागं भिंतीला टेकून बसलो.

मुलांनी मातीचे बैल केलेलेच होते. गुरुजींनी एकेकाला उभं करून आपल्या बैलाबद्दल सांगायला लावलं. मुलं आपल्या बोलीत सांगत होती, गुरुजी ते फळ्यावर लिहीत होते. मग ज्याचं वाक्य त्यानं वाचायचं. कर्ज मागणाऱ्या ताईचा मुलगा उभा राहिला. त्याचा बैल लंगडा होता, कारण वाळताना एक पाय मोडला होता. तो म्हणाला, आमचा खरा बैलही लंगडतो, म्हणून बाबानं या वर्षी दुसऱ्याची जोडी आणली. गुरुजींनी लिहिलं. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. त्याच्या आईनं त्याला वाचताना कधी ऐकलंच नव्हतं. ती काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून बसली.

पण सगळंच गोड होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. चौथीच्या दोन मुलांना आम्ही साधा भागाकार विचारला, तो आला नाही. दोन गुरुजी आणि चार वर्ग, त्यात एक गुरुजी बरेचदा बैठकीला आणि कामाला बाहेर. बायांनी हेही तिथंच गुरुजींना विचारलं. गाणी म्हणा, पण आमच्या पोरांना भागाकारही यायला पाहिजे. गुरुजींनी ते ऐकून घेतलं, मान्यही केलं. कोसबाडच्या बायांचंही हेच म्हणणं असणार. मातीच्या बैलापासून अक्षरापर्यंत आणि बियांपासून भागाकारापर्यंत मूल पोचलं पाहिजे. नुसता बैल करून थांबलं तर त्या आईची तक्रार खरी ठरते.

शेवटी झालं असं. तिघींपैकी एकीनं अर्ज मागं घेतला. एकीनं वर्षभर थांबायचं ठरवलं. तिसरीनं कर्ज घेतलं आणि मुलाला दुसऱ्या शाळेत घातलं. गटानं ते कर्ज मंजूर केलं, तिला कुणी टोमणा मारला नाही. तिच्या पोराचा निर्णय तिचा. आजींची नात अजून पाड्यावरच्या शाळेत जाते. पट कमीच आहे, काळजी संपलेली नाही. पण आता शाळेत काय चाललंय हे बायांना माहीत आहे.

मग आपण आपल्या गावात काय करू शकतो? शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती ठरवून दिली आहे. त्या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. आपल्यापैकी कितीतरी जणींचं नाव त्या समितीत आहे, पण सही घरी आणून घेतली जाते. तसं करू नका. बैठकीला जा. वेळापत्रक बघायला मागा आणि कलेचा तास कोणत्या दिवशी आहे, तो खरंच होतो का, हे विचारा. त्याच कायद्यात असंही म्हटलं आहे की मुलाचं शिक्षण भीतीविना, हातानं करून, शोधून बघून आणि होईल तितकं त्याच्या मातृभाषेतून व्हावं. म्हणजे आपण काही जास्तीचं मागत नाही.

दुसरं, महिन्यातून एकदा गटातल्या एका बाईनं शाळेत किंवा अंगणवाडीत जाऊन आपल्याला येतं ते मुलांना दाखवावं. कुणी चौक लिहावा, कुणी टोपली विणून दाखवावी, कुणी लावणीच्या वेळचं गाणं म्हणावं. गुरुजींना आणि अंगणवाडी ताईला आधी सांगून, त्यांच्या सोयीनं. ज्या आजी आजवर शाळेच्या पायरीवरच थांबल्या, त्या आत जाऊन शिकवतील. त्यांच्या नातीला काय वाटेल, विचार करा.

तिसरं, सामान. खडू आणि कागद शाळा आणेल. माती, बिया, शिंपले, बांबूच्या काड्या, गेरू आपण द्यायचा. पावसाळ्याआधी चांगली चिकणमाती एका पोत्यात भरून शाळेत नेऊन ठेवली, तर वर्षभर पुरते.

आणि चौथं, घरी. पोरगं शाळेतून आल्यावर "आज काय लिहिलं?" एवढंच विचारतो आपण. त्याच्या जोडीला "आज काय केलंस? दाखव बरं" असंही विचारा. आणि त्यानं केलेला मातीचा बैल फेकू नका. आठ दिवस तरी फळीवर ठेवा.

ताराबाई आणि अनुताई बोर्डीच्या वस्तीत गेल्या तेव्हा त्यांच्याकडं इमारत नव्हती. कुणीतरी एका बाईनं आपलं अंगण त्यांना दिलं असणार, तिनंच ते आदल्या दिवशी सारवलंही असणार. तिचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण तिनं अंगण दिलं नसतं, तर अंगणवाडी झाली नसती. आपल्या पाड्यावरच्या शाळेसाठी आपणही तेवढं करू शकतो.

तुमच्या शाळेत, तुमच्या अंगणवाडीत काय होतं ते पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. आम्ही ऐकायला येऊ.